इन्व्हर्टर बंद पडला म्हणजे बॅटरी वाचली असं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ट्रॅव्हलर मिनीबसची कॅम्परव्हॅन (आत राहता येईल अशी गाडी) करून घेतली, मागच्या बाजूला १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) ट्युब्युलर बॅटरी (घरच्या इन्व्हर्टरला असते तशी, पाणी भरायची), छतावर ३३० वॅटचं पॅनल, घरगुती ९०० व्हीएचा इन्व्हर्टर, १२ व्होल्टचा ४५ लिटरचा फ्रिज आणि दोन पंखे. दोन वर्षांत दुसरी बॅटरी मेली. गुहागरला सुरूच्या बनात दोन रात्री मुक्काम केला आणि दुसऱ्या पहाटे फ्रिज बंद, दिवे मिणमिणते. दुकानदार म्हणतो बॅटरीचा लॉटच खराब होता. तुम्ही विचारताय की इन्व्हर्टर १०.५ व्होल्टला आपोआप बंद होतो, तर बॅटरी खोलवर उतरतेच कशी, आणि वेगळा कट-ऑफ (बॅटरी उतरली की जोडणी तोडणारा स्विच) लावायचा तर कोणता आणि कितीवर.

लॉट खराब नव्हता, असं मी बॅटरी न बघताही बऱ्यापैकी खात्रीने म्हणेन. एकदा झालं असतं तर मानलं असतं. दोन वर्षांत दोनदा म्हणजे गाडीच बॅटरी खातेय.

आधी त्या १०.५ बद्दल. हा आकडा कुठून आला ते कळलं की निम्मं कोडं सुटतं. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात. कारखान्यात बॅटरीची क्षमता मोजताना ती ठरावीक करंटने रिकामी करतात आणि दर सेल १.७५ व्होल्टवर आला की मोजणी थांबवतात. १.७५ गुणिले सहा, साडेदहा. म्हणजे १०.५ ही ‘आता यातून काढण्यासारखं काही उरलं नाही’ अशी रेघ आहे. इन्व्हर्टरवाल्यांनी तीच उचलली, कारण त्याच्या खाली इन्व्हर्टरला जास्त करंट ओढावा लागतो आणि त्याचे मॉसफेट (आतले इलेक्ट्रॉनिक स्विच) तापतात. ती सोय इन्व्हर्टरच्या जिवासाठी आहे. घरात लाईट दोन तास जाते, परत येते, इन्व्हर्टर लगेच चार्जिंगला लागतो, त्यामुळे घरी हे खपून जातं. गाडीत परत येणारी लाईट नसते.

दुसरं म्हणजे तुमचा फ्रिज आणि पंखे इन्व्हर्टरवर नाहीतच, ते थेट बॅटरीवर आहेत. इन्व्हर्टरने मान टाकली तरी फ्रिज ओढतच राहतो. फ्रिजला स्वतःचा कट-ऑफ असतो हे खरं. अशा फ्रिजमध्ये सर्रास दिसणाऱ्या डॅनफॉस-सेकॉपच्या बीडी-३५ कॉम्प्रेसरचा कारखान्यातून येणारा आकडा १०.४ ला बंद आणि ११.७ ला परत चालू असा आहे. पण तुमच्या बॅटरीवर फ्रिजचे चार अँपिअर फार हलके आहेत, आणि इथेच गंमत आहे.

१५० एएचच्या बॅटरीतून ८०-९० अँपिअर ओढा (मिक्सर, छोटी इस्त्री, किटली) आणि व्होल्टेज धाडकन ११ च्या खाली येईल, बॅटरी निम्मी भरलेली असतानासुद्धा. लोड काढला की पाच मिनिटांत परत १२ वर. उलट त्याच बॅटरीतून तीन-चार अँपिअर रात्रभर ओढा. व्होल्टेज मुंगीच्या पावलाने उतरतं आणि १०.५ दिसेल तेव्हा बॅटरी नुसती रिकामी नसते, पार पिळून निघालेली असते. आकडा एकच, अर्थ दोन. इन्व्हर्टरचा कट-ऑफ पहिल्या प्रकारासाठी बनलाय, तुमची गाडी दुसऱ्या प्रकारात मोडते.

आणि तरीही, एखाद्या रात्री बॅटरी तळाला गेली म्हणून ती मरत नाही. दुसऱ्या दिवशी पूर्ण भरली तर ती माफ करते, थोडं आयुष्य कापून घेऊन. ती मरते तळाला जाऊन तिथेच पडून राहिल्यावर. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटांवर लेड सल्फेट जमतं, ते ताजं असताना मऊ आणि बारीक असतं, चार्जिंगला सहज विरघळतं. दिवस गेले की त्याचे खडे मोठे आणि कडक होतात, मग चार्जर त्यांचं काही करू शकत नाही. बोरिंगच्या पाण्याने बादलीत धरलेला पांढरा थर जसा आज पुसला तर जातो, महिन्याने दगडाने घासावा लागतो, तसंच. जेवढी प्लेट झाकली गेली तेवढी क्षमता कायमची गेली.

म्हणून मला तुमच्या गुहागरच्या दोन रात्रींपेक्षा जास्त रस आहे तो गाडी जून ते सप्टेंबर कुठे उभी होती यात. माझा अंदाज, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, छपराखाली. आपल्याकडच्या बहुतेक कॅम्परव्हॅन पावसाळ्यात झोपतात आणि बॅटऱ्या त्या झोपेतच जातात. गणपतीच्या आसपास आमच्याकडे ‘बॅटरी बसली’ म्हणून येणाऱ्या गाड्यांची रांग लागते, मे महिन्यात एवढी नसते. वापर मात्र मे महिन्यात जास्त असतो.

असाच एक प्रसंग सांगतो. एका गाडीचे मालक शपथेवर सांगत होते की सगळं बंद करून गाडी लावली होती. मी बॅटरीच्या मुख्य वायरला डीसी क्लॅम्प मीटर लावला. सगळे स्विच बंद, दारं बंद, आणि मीटरवर १.३८ अँपिअर. मग फ्यूज एकेक काढायला घेतले. पहिला इन्व्हर्टरचा: मागचा स्विच चालू होता, लोड काही नाही, नुसता स्टँडबायवर ०.९ अँपिअर खात बसलेला. तो काढला, उरले ०.४८. म्युझिक सिस्टीमच्या ॲम्प्लिफायरचे ०.२. गॅस अलार्मचा ०.१. पायरीखालचा दिवा, ज्याचा दाराचा स्विच गंजून अडकला होता, ०.१; दार बंद केल्यावर तो दिवा बाहेरून दिसायचाच नाही. आणि निळे आकडे दाखवणारे चार यूएसबी सॉकेट, प्रत्येकी ०.०२. शोभेचे. एकूण १.३८ गुणिले २४, म्हणजे दिवसाला ३३ एएच. दीडशेची बॅटरी पाच दिवसही टिकणार नाही, आणि गाडी उभी होती अकरा आठवडे. मालकांनी हिशोब बघितला आणि काही बोललेच नाहीत.

हे काम तुम्ही स्वतः करा. क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी अँपिअर मोजतो का ते बघा, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात. तो नसेल तर साधा मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये प्रोब घालून निगेटिव्ह वायरीच्या मध्ये जोडा. फक्त तो जोडलेला असताना पंप किंवा इन्व्हर्टर चालू करू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

आता तुमच्या गाडीचा चालू असतानाचा हिशोब. फ्रिज चालू असताना चार अँपिअर, मेच्या उकाड्यात किनाऱ्यावर निम्मा वेळ चालतोच: ४८ एएच. दोन पंखे नऊ तास: साधारण ३०. दिवे ५, पाण्याचा पंप १, मोबाईल-लॅपटॉप ५. आणि तो घरगुती इन्व्हर्टर रात्रंदिवस चालू ठेवत असाल तर त्याचा रिकामा खर्चच सव्वा अँपिअर धरला तर ३०. बेरीज ११९. ट्युब्युलरची निम्मीच क्षमता वापरायची असं धरलं तर तुमच्याकडे ७५ आहेत. फ्रिज, पंखे, दिवे वगैरे ८९, ते ठीक आहे, ऊन मिळालं तर बरंचसं भरून निघेल. पण मोबाईल चार्ज करण्यासाठी २३० व्होल्ट करायचे आणि चार्जरने त्याचे परत ५ व्होल्ट करायचे, यासाठी ३० एएच? इन्व्हर्टरला हात लागेल असा स्विच लावा आणि मिक्सर लावायचा असेल तेव्हाच चालू करा. नुसतं एवढं केलं तरी बॅटरी मोठी घेतल्यासारखं होईल.

पॅनलबद्दल तुम्ही कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मधलं चार्जिंगचं यंत्र) कोणता ते लिहिलं नाही, आणि मला तिथे शंका आहे. ३३० वॅटची पॅनल सहसा ७२ सेलची असतात, त्यांचं कामाचं व्होल्टेज ३७ च्या आसपास आणि करंट पावणेनऊ अँपिअर. तुमच्याकडे साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर असेल तर तो पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो आणि तेवढेच पावणेनऊ अँपिअर आत सोडतो. पावणेनऊ गुणिले १३, जेमतेम ११५ वॅट. दोन तृतीयांश पॅनल तुम्ही छतावर नुसतं फिरवताय. चांगल्या उन्हाच्या दिवशी पीडब्ल्यूएमवर ३८-४० एएच येतील, एमपीपीटीवर (पॅनलचं जादा व्होल्टेज करंटमध्ये बदलणाऱ्या कंट्रोलरवर) त्याच पॅनलमधून ८०-८५. तुमचा रोजचा खर्च ८९ आहे हे लक्षात घ्या. आणि गुहागरला गाडी सुरूच्या सावलीत लावली होती. माणसांना बरं वाटलं, पॅनलला नाही. एक फांदी पॅनलवर आडवी पडली तरी एक तृतीयांश उत्पादन जातं, कारण पॅनलमधले सेल तीन गटांत बांधलेले असतात आणि एक सेल झाकला तर त्याचा अख्खा गट वगळला जातो. बनात मुक्काम करायचा तर करा, पण त्या दिवशी पॅनल नाहीच असं समजून खर्च करा.

कट-ऑफ कितीवर ठेवायचा याआधी एक सूचना. नेटवर फिरणारा तक्ता (१२.७ म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे निम्मी) तुमच्या बॅटरीला लागू नाही. तो जास्त तीव्र ॲसिड असलेल्या बॅटऱ्यांचा आहे. आपल्याकडच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीत पूर्ण भरल्यावर ग्रॅव्हिटी (ॲसिड पाण्याच्या किती पट जड ते) १.२४० असते, मेकॅनिकच्या भाषेत ‘बाराशे चाळीस’. सोपा नियम असा: ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवा, सहाने गुणा, विश्रांतीतलं व्होल्टेज येतं. १.२४० अधिक ०.८४ म्हणजे २.०८, गुणिले सहा, १२.४८. तुमची बॅटरी पूर्ण भरून चार-पाच तास निवांत बसली तरी साडेबाराच दाखवणार. तो तक्ता लावून लोक म्हणतात ‘नवी बॅटरी ७५ टक्केच भरते’ आणि दुकानदाराशी भांडतात. निम्म्यावर तुमची बॅटरी १२.०५ च्या आसपास असेल. आणि ट्युब्युलरचा एक मोठा फायदा वापरा: झाकणं उघडतात, हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायची नळी) घालता येतो. व्होल्टमीटर कधी कधी फसवतो, सहा सेलचे सहा आकडे फसवत नाहीत. पाच सेल १२३० आणि एक ११५० दाखवत असेल तर कितीही कट-ऑफ लावा, तो एक सेल बाकीच्यांना घेऊन बुडणार.

तर, कट-ऑफ. याला लो व्होल्टेज डिस्कनेक्ट म्हणतात, बोलताना एलव्हीडी. बॅटरी आणि डीसी फ्यूज बॉक्सच्या मध्ये बसतो, व्होल्टेज ठरलेल्या आकड्याखाली गेलं की सगळा डीसी लोड तोडतो. तुमच्या ट्युब्युलरसाठी मी तोडायला ११.८, परत जोडायला १२.८ आणि मध्ये ६० ते ९० सेकंदांचा उशीर ठेवेन. पुढे एजीएम (पाणी न भरायची, बंद लेड-ॲसिड बॅटरी) घेतलीत तर तोडायला १२.०. हे आकडे फ्रिज-पंख्यांच्या हलक्या लोडखालचे आहेत, विश्रांतीतले नाहीत.

उशीर कशाला? पंप किंवा फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर व्होल्टेज बुडतं, तेवढ्यावर अंधार व्हायला नको. आणि जोडायचा आकडा एवढा वर का? लोड तुटला की बॅटरी स्वतःहूनच १२.१-१२.२ वर चढते. जोडणी १२.२ ला ठेवली तर एलव्हीडी परत चालू करेल, फ्रिज ओढेल, परत ११.८, परत बंद. रात्रभर रिलेची टकटक ऐकत झोपा. १२.८ बॅटरी स्वतःच्या बळावर कधीच दाखवणार नाही, तिला चार्जिंग मिळायला लागल्यावरच ते दिसेल. आपल्याला तेच हवंय.

एलव्हीडी बॅटरीच्या शेजारी बसवा, डॅशबोर्डजवळ किंवा किचनच्या कपाटात नाही. हिशोब बघा: २.५ स्क्वेअर एमएमची वायर, जाऊन-येऊन दहा मीटर, दहा अँपिअर. वायरीतच ०.७ व्होल्ट खर्च होतात. बॅटरी १२.५ वर सुखात आहे आणि एलव्हीडीला ११.८ दिसतंय, तो तोडून मोकळा. मग माणूस वैतागून आकडा ११ वर आणतो, आणि ज्या रात्री नुसता एक पंखा चालू असतो त्या रात्री वायरीत काहीच पडत नाही आणि बॅटरी खरोखर ११ पर्यंत जाते. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज, मग एलव्हीडी, मग फ्यूज बॉक्स, आणि वायरीच्या टोकाची थिंबल नीट दाबून (क्रिम्प करून) बसवलेली. घरातला एसीचा एमसीबी तिथे फ्यूज म्हणून लावलेला मी अनेक गाड्यांत बघतो. डीसीचा आर्क एसीसारखा स्वतःहून विझत नाही, तेव्हा डीसी रेटिंगचाच लावा.

इन्व्हर्टर एलव्हीडीमागून जोडू नका. चांगले एलव्हीडी मॉसफेटचे असतात. व्हिक्ट्रॉन कंपनीच्या बॅटरीप्रोटेक्ट या एलव्हीडीच्या माहितीपत्रकातही त्यामागून इन्व्हर्टर जोडू नका असं स्पष्ट बजावलेलं आहे. इन्व्हर्टरच्या आत मोठे कपॅसिटर असतात, जोडताक्षणी ते शेकडो अँपिअर ओढतात. त्याला एकतर एलव्हीडी शॉर्ट समजून बंद होतो किंवा त्याचे मॉसफेट जातात. इन्व्हर्टरला वेगळा जाड फ्यूज, आणि रिमोटच्या पिना असल्या तर एलव्हीडीच्या सिग्नलने फक्त त्या पिना बंद करा. घरगुती इन्व्हर्टरला अशा पिना नसतात, तिथे तो हाताचा स्विच हाच उपाय. आणखी एक: मॉसफेटच्या एलव्हीडीतून करंट एकाच दिशेने जायला हवा, म्हणून सोलरचं किंवा चार्जरचं आउटपुट फ्यूज बॉक्सच्या बाजूला जोडू नका, थेट बॅटरीवर आणा. ते एलव्हीडीच्या पलीकडे राहिलं तर एक वेगळीच पंचाईत होते. एलव्हीडीने तोडलं की चार्जिंगचा रस्ताही तुटतो.

खर्च करायची तयारी असेल तर दोन एलव्हीडी लावा. एक १२.० ला फ्रिज, म्युझिक, यूएसबी तोडणारा, दुसरा ११.७ ला दिवे, पंखे, पंप तोडणारा. रात्री तीनला फ्रिज बंद पडला तर कोणी उठत नाही, दूध सकाळपर्यंत टिकतं. पंखा बंद पडला तर अख्खं कुटुंब उठतं आणि बायको तुमच्याकडे बघते. गॅस अलार्म मात्र दोन्हीच्या आधी, स्वतःच्या छोट्या फ्यूजवर. माणसं आत झोपलेली असताना तो बॅटरी वाचवण्यासाठी बंद व्हायला नको.

ऑनलाइन काही शे रुपयांत निळ्या रिलेचा, आकडे दाखवणारा बोर्ड मिळतो. मी तो टेबलावर प्रयोगाला वापरतो, गाडीत लावत नाही. रिलेची कॉइल चालू असेपर्यंत करंट खाते, रिलेवर छापलेले १०-२० अँपिअर प्रत्यक्षात तापवतात, आणि घाटातल्या हादऱ्यांनी स्क्रू टर्मिनल सैल होतात. सोलर कंट्रोलरवर ‘लोड’ लिहिलेली दोन टर्मिनल असतात, त्यातही एलव्हीडी असतो. दिवे आणि पंख्यांपुरतं ते चालेल, पण कारखान्याच्या सेटिंगमध्ये बऱ्याच स्वस्त कंट्रोलरना १०.७ दिलेलं असतं. ते बदलल्याशिवाय उपयोग नाही. आणि फ्रिज त्यावर टाकण्याआधी त्याचं अँपिअर रेटिंग बघा.

व्होल्टेजवरचा कट-ऑफ ही शेवटची भिंत. त्याआधी तुम्हाला कळायला हवं की बॅटरीत किती उरलंय, आणि त्यासाठी शंट (करंट मोजण्यासाठीची धातूची पट्टी) असलेला बॅटरी मॉनिटर. निगेटिव्ह टर्मिनलला शंट, आणि गाडीतली प्रत्येक निगेटिव्ह वायर शंटच्या पलीकडच्या बाजूला. एक जरी चेसिसची वायर थेट बॅटरीवर राहिली तरी तो करंट मोजला जात नाही आणि मॉनिटर गोड गोड खोटं सांगत राहतो. मॉनिटर येणारे-जाणारे एएच मोजतो, दुकानदाराच्या वहीसारखा. पण महिन्यातून दोन-तीनदा बॅटरी पूर्ण भरली नाही तर वही आणि गल्ला जुळत नाहीत. ६० टक्क्यांवर अलार्म लावा. मी स्वतः एलव्हीडी आणि मॉनिटर यांत एकच घ्यायची वेळ आली तर ज्याच्या घरात मुलं आणि पाहुणे आहेत त्याला एलव्हीडी सांगतो, एकट्याने फिरणाऱ्याला मॉनिटर.

उभ्या गाडीसाठी उपाय स्वस्त आहे आणि नेमका तोच कोणी करत नाही: बॅटरीच्या पॉझिटिव्हला मोठा रोटरी मेन स्विच. त्याच्या बॅटरीकडच्या बाजूला फक्त सोलर कंट्रोलर आणि चार्जर, बाकी सगळं पलीकडे. गाडी लावली, स्विच फिरवला, संपलं. छपराखाली असाल तर सोलर निरुपयोगी, आणि लेड-ॲसिड बॅटरी काही न जोडताही आपोआप उतरते, उकाड्यात जास्त. त्यामुळे महिन्यातून एकदा पार्किंगमधल्या सॉकेटवरून रात्रभर चार्जिंग. तुमच्या घरगुती इन्व्हर्टरला २३० दिलं की तोच चार्जर आहे, वेगळा घ्यायची गरज नाही. पाण्याची पातळी बघा, डिस्टिल्ड वॉटरच घाला. आणि ट्युब्युलर चार्जिंगला हायड्रोजन सोडते, तेव्हा ती झोपायच्या बाकाखाली असेल तर बंद पेटी करून बाहेर वाट काढा. तुमच्या फोटोत ती वाट दिसली नाही.

गाडीची सेल्फची बॅटरी वेगळी आहे असं तुम्ही लिहिलंय, मधली जोडणी कशी आहे ते बघून घ्या. व्होल्टेज बघणारा रिले असेल तर तो साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला तोडतो, म्हणजे इंजिन बंद झाल्यावर फ्रिज सेल्फची बॅटरी खाणार नाही. नुसता जाड वायरीने जोडलेला जुगाड असेल तर एक दिवस दोन्ही बॅटऱ्या एकदमच जातील आणि गाडी धक्का मारून सुरू करण्याइतकी हलकी नाही. काही बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर इंधन वाचवायला मध्येच व्होल्टेज खाली आणतो. मग तो रिले धरसोड करतो आणि मागची बॅटरी कधीच भरत नाही, तिथे डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरचं व्होल्टेज मागच्या बॅटरीला हवं तेवढं करून देणारा) लागतो. काहीही असलं तरी दोन तास गाडी चालवली म्हणजे बॅटरी भरली असं समजू नका. पहिले ७०-८० टक्के पटापट जातात, शेवटचे २० टक्के १४.४ व्होल्टवर कित्येक तास घेतात, आणि सल्फेट नेमकं त्या शेवटच्या २० मध्ये साफ होतं. कोकणच्या ट्रिपमध्ये दर तिसऱ्या-चौथ्या रात्री जिथे प्लग मिळेल अशा ठिकाणी मुक्काम ठेवा.

‘लिथियम घेऊ का’ हे तुम्ही शेवटी विचारलंय. घ्या, परवडत असेल तर; ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, वजन निम्म्याहून कमी, ॲसिड नाही. पण ‘तिच्यात बीएमएस (सेल सांभाळणारं आतलं सर्किट) आहे, ती मरत नाही’ यावर विसंबू नका. बीएमएस सेल २.५ व्होल्टच्या आसपास आल्यावर तोडतो, ती खरोखरची शेवटची कडा असते, आणि त्यानंतर तो स्वतः जगतो त्याच सेलवर. ब्लूटूथवाला बीएमएस २० मिलिअँपिअर घेत असला तरी दोन महिन्यांत २९ एएच झाले. कडेवर उभ्या असलेल्या बॅटरीकडे तेवढे नसतात. दसऱ्याला पेटी उघडल्यावर सेल १.९ व्होल्टवर सापडलेली लिथियम बॅटरी मी हातात धरली आहे. तशी सापडली तर तिला जबरदस्तीने चार्ज करायला जाऊ नका, आत तांबं विरघळून शॉर्ट होण्याचा धोका असतो. लिथियमला एलव्हीडी १२.४ ला तोडणारा आणि १३.२ ला जोडणारा ठेवा, गाडी लावताना ५०-६० टक्के भरून मेन स्विच बंद. ३० ते ७० टक्के या टप्प्यात तिचं व्होल्टेज जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे तिच्यासाठी शंट मॉनिटर लागतोच. अल्टरनेटरला ती थेट जोडायची नाही, इतका करंट ओढते की अल्टरनेटर जळतो. आणि लडाखचा बेत असेल तर शून्य अंशाखाली तिला चार्ज करता येत नाही हे आत्ताच लिहून ठेवा.

आता तिसरी बॅटरी घ्यायच्या आधी एवढं करा. सध्याच्या बॅटरीत पाणी भरून तिला घरच्या लाईटवर १५-१६ तास लावा, चार तास मोकळी ठेवा, सहाही सेलची ग्रॅव्हिटी लिहा. सगळे सेल १२०० च्या वर आणि एकमेकांच्या जवळ असतील तर अजून काही महिने निघतील, मग फ्रिज चालू ठेवून ११.८ पर्यंत किती तास लागतात ते घड्याळ लावून बघा. मग सगळे स्विच बंद करून फ्यूज एकेक काढा आणि प्रत्येकाचा आकडा कागदावर घ्या. ते आकडे आणि सोलर कंट्रोलरच्या स्टिकरचा फोटो पाठवा, मग कोणत्या अँपिअरचा एलव्हीडी ते सांगतो.